गॅसबत्ती गेली, सेरियम राहिलं

बारावीच्या प्रात्यक्षिकात अल्कोहोल ओळखायची एक सोपी कसोटी आहे. परीक्षानळीत दिलेला द्रव घ्यायचा, त्यात सेरिक अमोनियम नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाकायचे. नारंगी-पिवळा रंग लाल झाला की वहीत ‘अल्कोहोल गट आहे’ असं लिहायचं आणि पुढच्या टेबलावर जायचं. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी या लाल रंगावर मुलांना मार्क देतो. पण त्या बाटलीतल्या सेरियम या धातूनं आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, कित्येक रात्री उजळल्या आहेत, हे पुस्तकात कुठंच येत नाही. ‘डी आणि एफ खंडातील मूलद्रव्ये’ या धड्यात लॅन्थनाइड्स, म्हणजे सेरियमचं घराणं, आले, कोष्टक आलं, संपलं. म्हणून यंदा वर्गात जे सांगितलं ते जरा सविस्तर इथं लिहितो आहे.

आमच्या घरी गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा धंदा होता. लग्नाची वरात, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, भागवत सप्ताह, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्रीचं नाटक, कुठंही उजेड लागला की लोक बाबांकडे यायचे. गावात वीज आली होती, पण नाटकाच्या रात्री तिच्या भरवशावर कोणी मंडप टाकत नसे. संध्याकाळी अंगणात बत्त्यांची रांग लागायची. टाकीत रॉकेल गाळून भरायचं, पिन मारून निपलचं भोक मोकळं करायचं, वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं, आणि नळी तापली की पंपानं हवा मारायची. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती निपलातून जोरात सुटते, हवेत मिसळते आणि मेंटलच्या आत जळते. एवढं सगळं आम्ही पोरं करू शकत होतो. मेंटल बांधायचं काम मात्र बाबा कुणाच्या हाती देत नसत.

पाकिटातून काढलेलं नवं मेंटल म्हणजे मऊ पांढऱ्या धाग्याची लहानशी जाळीदार पिशवी. तिच्या तोंडाशी ओवलेला दोरा बत्तीच्या चिनी मातीच्या तोटीला घट्ट बांधायचा, सुरकुत्या चहूबाजूंनी सारख्या करायच्या आणि खालून काडी लावायची. पिशवी काळी पडायची, कडेनं लाल ठिणगी सरकत वर चढायची, थोडा धूर, उग्र वास, आणि बघता बघता धागा जळून जायचा. मागं राहायचा आकसलेला पांढरा सांगाडा. जाळी तीच, वीण तीच, फक्त त्यात सूत उरलेलं नसायचं. बोट लागलं की भुगा. बैलबंडीतून बत्ती दुसऱ्या गावाला न्यायची तर मेंटल तिथं पोहोचून बांधायचं, कारण एका गचक्यात ते गळून पडे. मंडपात कुणी पोर बत्तीच्या खांबाशी खेळायला लागलं की बाबा लांबूनच ओरडायचे, “बत्ती हलवू नोको रे बाबू, मेंटल फुटन!”

तो सांगाडा नेमका कशाचा असतो, हे मला एम.एस्सी.ला समजलं. कारखान्यात मेंटलचं कापड थोरियम नायट्रेट आणि सेरियम नायट्रेट यांच्या द्रावणात भिजवून वाळवलेलं असतं. हे दोन्ही क्षार पाण्यात भरपूर विरघळतात, म्हणून ते धाग्याच्या आतपर्यंत मुरतात. काडी लावली की धागा जळतो, नायट्रेटचं विघटन होतं, नायट्रोजनचे ऑक्साइड वायू उडून जातात आणि धातूंचे ऑक्साइड जागच्या जागी, धाग्याच्याच आकारात राहतात. थोरियम ऑक्साइडचा वितळणबिंदू 3300 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणून रॉकेलच्या ज्योतीत रात्रभर राहूनही ते वितळत नाही.

आता यातलं प्रमाण बघा. जळून उरलेल्या ऑक्साइडमध्ये 100 पैकी 99 भाग थोरियमचे आणि एकच भाग सेरियमचा. तो एक भाग काढला तर बत्ती निकामी होते. निव्वळ थोरियम ऑक्साइड ज्योतीत कितीही तापलं तरी मंद उजेड देतं, कारण त्या तापमानाला दिसणारा प्रकाश बाहेर टाकायची त्याची क्षमता फार कमी आहे. सेरियमची क्षमता चांगली आहे, आणि सेरियम डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत उष्णता फारशी वाया घालवत नाही. मग सेरियमच जास्त का टाकत नाहीत? वर्गातल्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला आणि मला फार आनंद झाला. सेरियम वाढवलं की मेंटल स्वतःच जास्त ऊर्जा बाहेर फेकतं, त्यामुळे थंड पडतं आणि उजेड उतरतो. थोरियमनं ताप धरून ठेवायचा आणि सेरियमनं तो उजेडात बदलायचा, ही वाटणी 99 आणि 1 याच्या आसपासच जमते.

हे प्रमाण सापडायला काही वर्षं गेली. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हायडेलबर्गला बुन्सेन यांच्याकडे शिकले होते, ज्यांच्या नावाचा बर्नर आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. 1885 साली आउअर यांनी ‘डिडिमियम’ हे एकच मूलद्रव्य समजलं जाणारं द्रव्य फोडून त्यातून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे काढले. त्याच वर्षी त्यांनी पहिल्या मेंटलचं पेटंट घेतलं. ते मॅग्नेशियम, लॅन्थनम, यिट्रियम यांच्या ऑक्साइडचं होतं. उजेड हिरवट, जाळी ठिसूळ, लोकांनी घेतलं नाही, कारखाना बंद पडला. मग ते थोरियमकडे वळले आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. थोरियम जितकं शुद्ध करावं तितका उजेड कमी होत गेला. उजेड येत होता तो त्यात राहून गेलेल्या थोड्याशा सेरियममुळे! तेव्हा त्यांनी सेरियम मोजून घालायला सुरुवात केली आणि 1891 साली पांढराशुभ्र उजेड देणारं मेंटल बाजारात आलं. रसायनशास्त्रात अशुद्धी म्हणजे नकोशी वस्तू असं आपण मुलांच्या मनावर ठसवतो. तिचा मागोवा घ्यायचा धीर ज्याच्याकडे असतो त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मेंटलची मागणी वाढली तशी थोरियम आणि सेरियम देणाऱ्या मोनाझाइट या खनिजाची शोधाशोध सुरू झाली. मोनाझाइट म्हणजे सेरियम, लॅन्थनम, निओडिमियम अशा धातूंचं फॉस्फेट, त्यात थोडं थोरियम. 1909 साली शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. त्या वाळूचा माग काढत तो कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीला पोहोचला. स्वातंत्र्यानंतर 1950 साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, 1952 साली केरळात आलुवा इथं मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला, आणि 1955 पासून मुंबईत ट्रॉम्बेला थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं. देशातल्या मेंटल बनवणाऱ्यांना ते तिथून मिळायचं. काथ्याला चिकटून परदेशी गेलेल्या वाळूपासून हे सगळं सुरू झालं, हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात एकही जण वहीकडे बघत नव्हता.

आता प्रत्यक्ष क्षाराकडे येतो. सेरियम नायट्रेट साधारणपणे सहा पाण्याच्या रेणूंसह स्फटिक रूपात मिळतं. स्फटिक रंगहीन, पांढरट. रेणूभार 434 च्या आसपास, त्यातला जवळपास एक तृतीयांश भार सेरियमचा. 100 ग्रॅम क्षार पूर्ण भाजला तर साधारण 40 ग्रॅम सेरियम ऑक्साइड हाती येतं, फिकट पिवळी भुकटी. क्षार हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाटलीचं झाकण नीट लागलं नाही तर स्फटिक ओले होऊन एकमेकांना चिकटतात. तो ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे आगीला ऑक्सिजन पुरवणारा. कागद, भुसा, स्पिरिट यांच्याजवळ ठेवू नये. आमच्या प्रयोगशाळेत सगळे नायट्रेट स्पिरिटच्या कपाटापासून दूर, वेगळ्या फळीवर असतात.

त्याच्या द्रावणाची एक गंमत मी मुलांना मुद्दाम जवळ बोलावून दाखवतो. बिनरंगी द्रावणात अमोनियाचे थेंब टाकले की पांढरा, बुळबुळीत साका पडतो. तो उघड्यावर ठेवला की हवेच्या स्पर्शानं हळूहळू पिवळा होऊ लागतो. दम नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकायचे, साका तिथल्या तिथं नारंगी-तपकिरी होतो. सेरियमचा सगळा स्वभाव या एका परीक्षानळीत दिसतो. त्याच्या रांगेतली बहुतेक भावंडं तीन इलेक्ट्रॉन देऊन थांबतात. सेरियम चौथाही देतं, कारण चौथा दिल्यावर त्याची रचना झेनॉनसारखी स्थिर होते. तीन दिलेलं सेरियम बिनरंगी, चार दिलेलं पिवळं-नारंगी. आणि गेलेला इलेक्ट्रॉन ते परतही घेतं. प्रात्यक्षिकात अल्कोहोलनं लाल झालेली नळी थोडा वेळ तशीच ठेवली किंवा जरा गरम केली तर लाल रंग उतरून द्रावण फिकं होतं. अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करून सेरियम तीनवर परत आलेलं असतं. घाईत असलेला विद्यार्थी ही नळी धुऊन टाकतो, पण बघण्यासारखं तेच असतं.

सेरियमचे उद्योगातले बहुतेक उपयोग या तीन-चारच्या ये-जा करण्यातून निघाले आहेत. मोनाझाइटमधून बाकीचे धातू वेगळे करताना सेरियमला आधी चारवर नेतात, मग ते भावंडांपासून सहज सुटतं. तुमच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये, धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, बारीक नळ्यांवर सेरियम ऑक्साइडचा थर असतो. तो बऱ्याचदा सेरियम नायट्रेटच्या द्रावणापासूनच तयार करतात. धुरात ऑक्सिजन कमी पडला की सेरियम आपल्यातला ऑक्सिजन देतं आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. ऑक्सिजन जास्त झाला की साठवून ठेवतं. प्लॅटिनम, पॅलेडियम यांच्यापायी सायलेन्सरच्या चोऱ्या होतात, त्यामुळे त्यांची नावं लोकांना ठाऊक आहेत. त्यांच्याखाली बसून राबणाऱ्या सेरियमचं नाव कुणी घेत नाही.

चष्म्याची भिंगं आणि आरसे गुळगुळीत करायला सेरियम ऑक्साइडची भुकटी वापरतात. ती काच नुसती घासत नाही, काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करते, म्हणून ओरखडे न उठता लकाकी येते. प्रात्यक्षिकातलं सेरिक अमोनियम नायट्रेट इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत क्रोमियमचा पातळ थर कोरायला लागतं. पडदे आणि चिपा बनवण्याच्या साखळीत ते आहे. आउअर यांच्याकडे मोनाझाइटमधून थोरियम काढल्यावर सेरियमचा ढीग शिल्लक राहायचा, त्याचं काय करावं म्हणून त्यांनी 1903 साली लोखंडासह त्याचा मिश्रधातू केला. तो घासला की ठिणग्या उडतात. पानठेल्यावरच्या लायटरमधला इवलासा खडा तोच.

एक उपयोग मला विशेष सांगावासा वाटतो, कारण स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली माणसं आमच्या भागात मी पाहिली आहेत. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत असतं. त्यात 2.2 टक्के सेरियम नायट्रेट मिसळलेलं मलम युरोपातल्या काही देशांत मोठ्या भाजण्यावर वापरतात. डॉ. विल्यम मोनाफो यांनी 1976 साली सेरियम नायट्रेटचा हा उपयोग मांडला. जळालेल्या कातडीतून रक्तात उतरणारी घातक द्रव्यं सेरियम तिथंच बांधून ठेवतं आणि जखमेवर चामड्यासारखी टणक खपली धरते, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी थोडा वेळ मिळतो. नायट्रेट अंगात जास्त शोषलं गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध आहे. प्रयोगशाळेतल्या क्षाराचा घरगुती प्रयोग कुणीही करू नये, हे वर्गात मी दोनदा सांगितलं.

सेरियमचा सख्खा शेजारी लॅन्थनम. आमच्या चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत, तिथल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. लॅन्थनमची फ्लोराइडशी ओढ जबर, आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत लॅन्थनम बसवलेल्या कायटोसनानं (झिंग्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थानं) पाण्यातलं फ्लोराइड धरण्यावर काम झालं आहे. या विषयावर स्वतंत्र लिहीन.

आता मूळ मुद्द्यावर. झाडीपट्टीच्या नाटकाला आज गॅसबत्ती नसते. वडशाहून नाटक कंपनी येते ती आपलं नेपथ्य, ध्वनी आणि प्रकाशाचं सामान घेऊनच. जनरेटर, फोकस, एलईडीच्या माळा. बाबांच्या बत्त्या भंगारात गेल्या. मला बरेच दिवस वाटायचं की बत्तीबरोबर सेरियमचाही आमच्या मंडपाशी संबंध संपला. तो संपलेला नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्या आत एक निळा प्रकाश देणारी चीप असते आणि तिच्यावर पिवळसर भुकटीचा लेप असतो. ही भुकटी म्हणजे यिट्रियम आणि ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, ज्यात यिट्रियमच्या शंभरेक अणूंमागे एखाद-दोन अणू सेरियमचे बसवलेले असतात. निळा प्रकाश सेरियम गिळतं आणि पिवळा बाहेर टाकतं. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. 1996 साली जपानमध्ये असे दिवे बाजारात आले, आणि त्यामागच्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. ही भुकटी ऑक्साइड एकत्र भाजून करतात, किंवा यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि सेरियम यांच्या नायट्रेटच्या द्रावणातून. म्हणजे पुन्हा तोच क्षार, आणि पुन्हा शंभरात एखादाच भाग. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा प्रकाश देणाऱ्या भुकट्यांवर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. आमच्या एखाद्या मुलानं तिथपर्यंत जावं असं मला मनापासून वाटतं.

काम करायची रीत मात्र दोघांची वेगळी. मेंटलमधलं सेरियम तापून उजळायचं. एलईडीतलं सेरियम निळ्या प्रकाशानं चेतवलं जातं, त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो आणि खाली येताना पिवळा प्रकाश देतो. म्हणून बत्तीखाली घाम फुटायचा आणि एलईडीखाली फुटत नाही.

कुणाच्या माळ्यावर जुनी मेंटलची पाकिटं असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या मेंटलमधलं थोरियम किरणोत्सारी आहे. पाकीट घरात पडून असण्याचा धोका फार मोठा नाही, भुगा श्वासात किंवा पोटात जाण्याचा आहे. ती पाकिटं लहान पोरांच्या हाती देऊ नयेत. जाळायचीच वेळ आली तर उघड्यावर जाळावीत, फुटलेल्या मेंटलचा भुगा फुंकू नये, ओल्या फडक्यानं टिपावा आणि हात स्वच्छ धुवावेत. आम्ही पोरं तो भुगा फुंकरीनं उडवायचो, तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. आता बऱ्याच देशांत थोरियमऐवजी यिट्रियम वापरलेली मेंटलं मिळतात.

मंडईची सुट्टी संपली की असंच यिट्रियमचं मेंटल लावून वर्गात बत्ती पेटवायचं ठरवलं आहे. शेजारी एलईडीचा बल्ब, खोलीत अंधार, आणि प्रत्येकाच्या हातात एक जुनी सीडी. सीडीच्या चकाकत्या बाजूवर तिरकं बघितलं की वर्णपट दिसतो. बत्तीचे रंग लालपासून जांभळ्यापर्यंत सलग पसरलेले असतील. एलईडीत निळी पट्टी ठळक, मग एक फिकी जागा, आणि पुढं हिरव्यापासून लालपर्यंत रुंद पट्टा. तो रुंद पट्टा सेरियमचा. ज्यांच्या घरी सीडी पडून आहेत त्यांनी आणाव्यात, असं मुलांना आत्तापासूनच सांगून ठेवलं आहे.